आफ्रिकेला जाताय? निदान या चुका तरी करू नका

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, पुडीवर तसं छापलेलंही असतं. तरी कोल्हापुरातून केनियाला ग्रुप नेला की एकजण तरी ती ग्लासभर पाण्यात ढवळतोच. मोम्बासात एका काकांना सकाळपासून जुलाब लागले होते. काकूंनी एका पेल्यात दोन पुड्या घातल्या, "लवकर गुण येऊ दे" म्हणून. थोड्याच वेळात ओकाऱ्या सुरू, तोंडाला कोरड आणि जुलाब आणखी वाढले. मीठ-साखर जास्त आणि पाणी कमी झालं की आतडी पाणी शोषायची सोडून अंगातलंच पाणी ओढून घेतात. शेवटी सलाईन लावावी लागली, सफारी बुडाली ती वेगळीच.

मी एक लिटरची सीलबंद बाटली उघडतो, घोटभर पितो आणि अख्खी पुडी त्यातच ओततो. मोजायची भानगडच नाही. दिवसभर थोडं थोडं प्यायचं, २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. जुलाब बांधणाऱ्या गोळीची घाई मला पटत नाही. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हातही लावू नका.

दुसरी चूक घरी आल्यावर होते. मलेरियासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर ती परतल्यावरही ४ आठवडे घ्यायची असते. आमची मंडळी घरी पोचून तांबडा-पांढरा ओरपतात आणि गोळ्या कपाटात टाकतात. "आता कुठला तिकडचा डास चावतोय?" अहो, चावायचा तो तिकडंच चावलाय! जंतू आधी यकृतात वाढतात, रक्तात मागाहून उतरतात. परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी जरी ताप आला, तरी डॉक्टरांना आधी सांगा, "आफ्रिकेला जाऊन आलोय." नाहीतर पावसाळ्यात व्हायरल समजून दोन दिवस फुकट जातात, आणि मलेरियात दोन दिवस फार झाले. ही गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका जळते.

यलो फीवरची लस निघायच्या आठवड्यात आठवून उपयोग नाही. सर्टिफिकेट १० दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर परतताना भारतात ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन.

बाहेरचा बर्फ नको. सनस्क्रीन आधी, डासांचं क्रीम त्यावर. ते क्रीम दिवसाही लावा, डेंग्यूचा डास उजेडात चावतो.