गावातल्या सभेत स्लाइड दाखवताना

२०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाल्ला. त्यानंतर कृषी सहायक म्हणून मी गावोगाव सभा घ्यायला लागलो. पहिल्या सभेत २८ स्लाइड होत्या. अकराव्या स्लाइडपर्यंत मागची रांग उठून गेली. माहिती सगळी खरी होती, पण उद्या वावरात जाऊन करायचं काय, हे त्यात सापडत नव्हतं.

आता लॅपटॉप उघडण्याआधी वहीत एकच वाक्य लिहितो: ‘उद्या सकाळी २० हिरवी बोंडं फोडून बघा.’ या वाक्याच्या कामी न येणारी स्लाइड काढून टाकतो. सात उरतात.

पहिली डोमकळीची, म्हणजे बोंडअळी लागलेल्या फुलाची. पाकळ्या न उघडलेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल, पडदाभर. वर मथळा नाही, कोपऱ्यात बोधचिन्ह नाही. फोटो त्याच शिवारातला, आदल्या दिवशी मोबाइलवर काढलेला. ‘हे कुठं पाहिलं?’ एवढं विचारून गप्प राहायचं. मनात दहापर्यंत मोजा. कुणीतरी म्हणतंच, ‘माह्या धुऱ्याकडच्या तासात हायत ना असे!’ तिथून सभा त्यांची होते.

मग कीबोर्डवरचं ‘बी’ दाबायचं. पॉवरपॉइंटमध्ये पडदा काळा होतो. सकाळी गावातल्याच एका वावरातून, ठिकठिकाणच्या झाडांची तोडून आणलेली २० बोंडं वाटायची आणि फोडायला सांगायची. सरकीला लागलेली अळी स्वतःच्या नखावर घेतल्यावर पुढचं कुणाला समजावावं लागत नाही. वीसात दोन किडकी निघाली, तर दहा टक्के. फवारणीची वेळ झाली. हा हिशोब मी त्यांच्याकडूनच करून घेतो.

आकडा असेल तर स्लाइडवर तेवढाच: ‘सापळ्यात रोज ८ पतंग, सलग ३ रात्री’. म्हणजे बोंडअळीचे पतंग पकडायच्या सापळ्यात एवढे सापडले, तरी फवारणीची वेळ झाली. सभामंडपातल्या ट्यूबलाइट चालूच असतात, म्हणून पांढऱ्यावर काळी, ठळक अक्षरं. शेवटच्या रांगेत उभं राहून स्वतः वाचून बघा. टाइप युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली माझी अख्खी फाइल ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर अगम्य चिन्हं होऊन उघडली होती. दोन ओळींत अंतर जास्त ठेवा, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

शेवटी ‘धन्यवाद’ नको. तिथं पुन्हा फोडलेल्या बोंडाचा फोटो आणि तुमचा मोबाइल नंबर ठेवा. प्रश्न चालू असतात तेवढा वेळ तो समोर राहतो, आणि जाताना लोक पडद्याचा फोटो काढून नेतात.