एचआयव्हीसह जगणारी आई आणि तिचं तान्हं बाळ: दूध, गोळ्या, सिरप यांतल्या या चुका टाळा

एआरटी (एचआयव्हीला आवरणाऱ्या रोजच्या गोळ्या) चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दाबलेला आहे, बाळ वेळेवर आणि ठणठणीत जन्मलंय. इथवर सगळं सुरळीत होतं आणि घोळ सुरू होतो तो घरी गेल्यावर. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. उपचार नीट घेतले तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. खालच्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्यातल्या बहुतेक काळजीपोटीच झालेल्या असतात.

घाबरून अंगावरचं दूध एकदम तोडणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१६ पासूनचा सल्ला स्पष्ट आहे: पहिले ६ महिने फक्त अंगावरचं दूध, मग पूरक आहार सुरू करून स्तनपान किमान १२ महिने, हवं तर २४ महिने किंवा त्याहूनही पुढे. अट एकच, आईच्या गोळ्या चुकता कामा नयेत. व्हायरल लोड दाबलेला असेल तर दुधातून लागण होण्याचा धोका १ टक्क्याच्या आत राहतो. तो शून्य मात्र नाही. 'विषाणू सापडत नाही म्हणजे पसरत नाही' हे शरीरसंबंधांबाबतचं सूत्र दुधाला जसंच्या तसं लावू नका.

मग वरचं दूधच देऊन हा १ टक्काही का टाळू नये? याचं उत्तर बोट्स्वानात मिळालं. एचआयव्ही असलेल्या आयांच्या बाळांसाठी तिथलं सरकार दुधाची पावडर फुकट देत होतं. २००५ च्या अखेरीस आणि २००६ च्या सुरुवातीला जोरदार पाऊस झाला, पाणी दूषित झालं आणि अतिसाराची साथ आली. दवाखान्यांत आलेली बाळं पाहिली तर बहुतेक अंगावर न पिणारी, आणि त्यांतल्या बहुतेकांना एचआयव्ही नव्हताच. ज्या आजारापासून वाचवायला डबा दिला तो झालाच नाही, पण अतिसाराने शेकडो मुलं गेली. स्वच्छ पाणी, इंधन आणि पावडरचा अखंड पुरवठा यांतलं एक जरी डळमळीत असेल तरी डब्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

तोडायचंच असेल तर सावकाश, साधारण महिनाभर घेऊन. एका दिवसात तोडलं की दूध साठतं, स्तन दगडासारखे होतात, सूज येते आणि त्या दुधात विषाणूचं प्रमाण वाढतं. नेमकं त्याच रात्री बाळ रडून रडून थकतं आणि आई न राहवून पुन्हा छातीशी घेते. म्हणजे सगळ्यात धोक्याचं दूध त्याच्या पोटात जातं. झांबियातल्या एका मोठ्या अभ्यासात ४ महिन्यांना दूध एकदम तोडून पाहिलं गेलं. बाळं त्याने जास्त वाचली नाहीत, आणि ज्यांना आधीच लागण झाली होती त्यांचे मृत्यू उलट वाढले.

माझा क्रम असा: आधी बाळाला वाटीने प्यायची सवय लावा. मग दर ३-४ दिवसांनी एक पाजणं कमी करा. दिवसाचं आधी, रात्रीचं शेवटी. स्तन ताठले तर आराम पडेल इतकंच दूध पिळून काढा, पूर्ण रिकामे केले की पुन्हा तेवढंच भरतं. दूध तुटलं तरी आईच्या गोळ्या सुटत नाहीत, हेही सांगून ठेवावं लागतं.

'चमचाभर पाण्याने काय होतंय?'

पहिल्या ६ महिन्यांत बाळाला पाणी, ग्लुकोजचं पाणी, वरचं दूध यांतलं काहीही नको. आतड्याचं नाजूक अस्तर त्याने दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. डरबनमधल्या १९९९ च्या अभ्यासात फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा मिश्र दूध पिणाऱ्यांना लागण जास्त झाल्याचं दिसलं. औषधं, व्हिटॅमिनचे थेंब आणि जुलाबात ओआरएस चालतं. पण कुणी पाणी पाजलंच, तर 'आता बिघडलंच' म्हणून स्तनपान बंद करू नका. आई गोळ्या घेत असेल तर मिश्र दूधही स्तनपान थांबवायचं कारण होत नाही. पाणी थांबवा, अंगावर पाजणं चालू ठेवा.

लोह, कॅल्शियम आणि डोल्युटेग्रावीर एकाच घोटात

व्हायरल लोड उतरत नाही म्हटलं की सगळे आईवर घसरतात: गोळ्या बुडवतेस. बिचारी एकही दिवस चुकलेली नसते. तिला एवढंच विचारा, लोहाची गोळी कधी घेता? उत्तर येतं, 'सगळ्या एकदमच, सकाळी उठल्यावर.' तळहातावर तीन गोळ्या, एक घोट पाणी, काम संपलं. लोह आणि कॅल्शियम पोटात डोल्युटेग्रावीरला, म्हणजे एआरटीतल्या मुख्य औषधाला, धरून ठेवतात, त्यामुळे औषध रक्तात पुरेसं उतरतच नाही. खनिजं असलेली मल्टिव्हिटॅमिन आणि ॲसिडिटीची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची औषधंही हेच करतात.

नियम: डोल्युटेग्रावीर या गोळ्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. रात्री ९ ला एआरटी, सकाळी ९ ला लोह, दुपारी २ ला कॅल्शियम असं लावलं की हिशेब सुटतो, आणि लोह-कॅल्शियमही एकमेकांच्या आड येत नाहीत. भरपेट जेवणासोबत लोह किंवा कॅल्शियम एकत्र घेतलं तर चालतं, अशी सवलत आहे. ॲसिडिटीच्या औषधांना तीही नाही. उलट्या होणाऱ्या गरोदर बाईचं 'भरपेट जेवण' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी त्या सवलतीच्या भरवशावर राहत नाही. आणि हा त्रास नको म्हणून लोहच बंद करणं हा शॉर्टकट तर अजिबात नको.

सिरप चहाच्या चमच्याने

नेव्हिरापीन हे बाळाला लागण होऊ नये म्हणून द्यायचं औषध. त्याच्या सिरपमध्ये १ मिलीत १० मिग्रॅ औषध असतं. जन्मापासून ६ आठवड्यांपर्यंत रोज एकदा: वजन २.५ किलो किंवा जास्त असेल तर १.५ मिली, २ ते २.५ किलोच्या मधे असेल तर १ मिली. २ किलोच्या आतल्या बाळाचा डोस डॉक्टर वजनावरून काढतात. चहाचा चमचा ५ मिलीचा, म्हणजे तिपटीहून जास्त औषध. सुईविना सिरिंजच वापरा, डोसच्या रेघेवर कायम शाईची खूण करा आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा द्या.

४ ते ६ आठवड्यांपासून कोट्रायमोक्साझोलही (इतर जंतुसंसर्गांपासून वाचवणारं अँटिबायोटिक) सुरू होतं; बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत त्याचा डोस रोज २.५ मिली. दोन बाटल्यांना दोन सिरिंज ठेवा, अदलाबदल होते ती इथेच.

एका तपासणीवर सुटकेचा निःश्वास

४ ते ६ आठवड्यांची पीसीआर (थेट विषाणू शोधणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आली म्हणजे त्या दिवसापर्यंतचं कळलं. स्तनपान चालू आहे तोवर बाळाचा विषाणूशी संबंध चालूच असतो. उलट ८ महिन्यांच्या बाळाची साधी अँटिबॉडी चाचणी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं शोधणारी) पॉझिटिव्ह आली म्हणून रडारड नको. आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, अशा वेळी पीसीआर करून घ्यायची. अंतिम निकाल १८ महिन्यांना किंवा दूध तुटल्यावर ३ महिन्यांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हा. घाई असलेल्यांना हे पटत नाही.

उरलेलं थोडक्यात

पावडर देणं भागच असेल तर दिवसाला किलोमागे १५० मिली, पाणी किमान ७० अंशांचं, तयार दूध २ तासांत संपवायचं आणि बाटलीऐवजी वाटीने पाजायचं. डबा पुरवायला पातळ केलं की बाळ पोट भरूनही उपाशी.

लागण टळावी म्हणून गरोदरपणी जीवनसत्त्व 'अ'चे मोठे डोस घेऊ नका. त्याने लागण टळत नाही.

आईला फक्त 'पौष्टिक खा' सांगून उपयोग नाही. एचआयव्हीमुळे लक्षणं नसतानाही सुमारे १० टक्के जास्त ऊर्जा लागते, पाजणाऱ्या आईला त्यावर आणखी सुमारे ५०० कॅलरी. म्हणजे रोज एक जेवण जादाच धरा.

स्तनाग्राला चीर पडली किंवा गळू झालं तर त्या बाजूचं दूध पिळून टाका, दुसऱ्या बाजूने पाजा. बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे असतील तर दोघांवरही उपचार करून घ्या. आणि चीर पुन्हा पुन्हा पडत असेल तर मलमाआधी बाळाची पकड बघा: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली.