इंदूरच्या उन्हाळ्यात ॲक्सोलॉटलचे दुखणे कसे ओळखावे

ॲक्सोलॉटल हा मेक्सिको सिटीच्या दक्षिण भागातल्या झोचिमिल्कोच्या सरोवरातला आणि कालव्यांतला उभयचर प्राणी आहे. त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, आणि आपल्या माळव्यात नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत दुपारचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणून त्याचे काही बिनसल्यासारखे वाटले की औषध शोधण्याआधी थर्मामीटर पाहावा आणि पाणी तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

दुखणे ओळखायचे तर त्याची नेहमीची चर्या आधी ठाऊक हवी. तो दिवसाचा बराच वेळ तळाशी निपचित पडून असतो आणि अधूनमधून कल्ल्यांना एक झटका देतो. त्याला फुप्फुसेही असल्यामुळे कधीतरी वर येऊन हवा गिळणे हेही त्याच्या स्वभावातच आहे. वयात आलेल्या नराच्या शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने दिसणारी फुगवटी पाहून अनेकांना गाठ आल्याची धास्ती वाटते, पण ती नराची खूण असते. मोठा प्राणी दोन-तीन दिवसांतून एकदा खातो, त्यामुळे एक खाणे चुकले तर चिंता नको. मात्र आवडीचे गांडूळ लागोपाठ दोन-तीन वेळा नाकारले, तर कारण शोधायलाच हवे.

ताणाची पहिली चिन्हे कल्ल्यांवर आणि शेपटीवर दिसतात. कल्ले पुढच्या बाजूला वळलेले राहिले किंवा शेपटीचे टोक आकड्यासारखे वाकले, तर पाणी तापले आहे, त्यात विष्ठेतून आणि कुजलेल्या अन्नातून होणारा अमोनिया साठला आहे किंवा फिल्टरचा प्रवाह फार जोराचा आहे, असे समजून एकेक शक्यता तपासावी. अमोनिया आणि त्यापासून बनणारा नायट्राइट दोन्ही शून्य असले पाहिजेत. पाणी जितके गरम आणि अल्कधर्मी, तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो, त्यामुळे हिवाळ्यात निभावून गेलेली टाकी मे महिन्यात अचानक घातक ठरू शकते. कल्ल्यांचे तंतू झडून ते आखूड दिसू लागले, तर पाणी बरेच दिवस खराब असावे. सुदैवाने पाणी सुधारले की हे तंतू पुन्हा वाढतात.

पाणी २४ अंशांच्या वर गेले, तर टाकीच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. बाष्पीभवनाने पाणी निवते, पण ही युक्ती कोरड्या उन्हाळ्यातच लागू पडते, आषाढाच्या दमट हवेत तिचा फारसा उपयोग होत नाही आणि तेव्हा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्रच लागते. बर्फाचे खडे थेट टाकीत टाकू नयेत, कारण तापमानाचे एकदम होणारे चढउतारही त्याला सोसत नाहीत. नळाला आलेले नर्मदेचे पाणी क्लोरीन काढल्याशिवाय टाकीत कधीही ओतू नये.

कल्ल्यांवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला, तर ती बहुधा बुरशी असते आणि गरम, घाण पाण्यात ती लवकर धरते. अशा प्राण्याला क्लोरीनविरहित थंड पाण्याच्या वेगळ्या डब्यात ठेवून ते पाणी रोज पूर्ण बदलावे. एवढ्याने पुष्कळदा आराम पडतो. माशांसाठी मिळणारी तांबेयुक्त औषधे मात्र कटाक्षाने टाळावीत, कारण उभयचरांची नाजूक त्वचा पाण्यातले सारे शोषून घेते.

पोट फुगले आहे, विष्ठा होत नाही आणि तो इच्छा नसताना तरंगतो आहे, असे एकत्र दिसले तर टाकीच्या तळाकडे पाहावे. हा प्राणी भक्ष्य पाण्यासकट ओढून गिळतो, त्यामुळे शोभेचे बारीक खडे सहज त्याच्या पोटात जातात. तळ मोकळा ठेवावा किंवा अगदी बारीक वाळू वापरावी.

पायांवर किंवा पोटावर लाल चट्टे उठले, अंग पाणी भरल्यासारखे सुजले किंवा जखम चिघळली, तर घरगुती उपाय थांबवावेत, कारण ही जिवाणूंच्या संसर्गाची लक्षणे असू शकतात. सगळेच पशुवैद्य उभयचर तपासत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारावे; जवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल. नेताना प्राणी थर्माकोलच्या पेटीत, झाकणाच्या डब्यात थंड पाण्यात ठेवावा आणि गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून डब्याच्या बाहेरून लावावी. टाकीतल्या पाण्याचा नमुना वेगळ्या बाटलीत सोबत घ्यावा, आणि गेल्या आठवड्यातले तापमान व खाण्याच्या वेळा कागदावर लिहून न्याव्यात.