मोठ्या संख्येची कुंडली हातानेच कशी काढायची

उदाहरणाला ८,३१,४०२ घेऊ. हिला कशाकशाने भाग जातो, एकूण विभाजक किती, पूर्ण वर्ग आहे का, असल्या प्रत्येक प्रश्नामागे वेगळं धावत बसू नका, एकदा मूळ अवयव पाडले की बाकी सगळं त्यातूनच निघतं. पूर्ण वर्ग नाही हे तर त्याआधीच कळतं, कारण शेवटी २ आहे आणि कुठल्याच वर्गाच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ येत नाही.

आता अवयव. शेवटचा अंक सम म्हणून २ ने भाग जातो, पण शेवटचे दोन अंक ०२ आहेत म्हणजे ४ ने नाही, २ एकदाच. अंकांची बेरीज १८, म्हणून ९ नेही जातो. १८ ने भागलं की ४६,१८९ उरतात, याची बेरीज २९ नाही तर २८ येते (नीट करा, घाईत हमखास गडबड होते), म्हणजे ३ संपला. ५ चा प्रश्नच नाही, ७ ने बाकी ३. ११ ला लोक उगाच घाबरतात, एकाआड एक अंक अधिक-वजा करत जा: ४−६+१−८+९ = ०, शून्य किंवा ११ च्या पटीतलं काही आलं की भाग जातो. उरले ४,१९९. ते १३ ने भागले की ३२३.

खरी मेहनत वाचते ती इथे. वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या हे सगळ्यांना माहीत असतं, पण सुरुवातीच्या ८,३१,४०२ चं वर्गमूळ काढून ९११ पर्यंत जायची काही गरज नाही, प्रत्येक भागाकारानंतर मर्यादा खाली येते. ४,१९९ ला ६४ पुरे, ३२३ ला १७. आणि ३२३ म्हणजे ३२४−१, म्हणजे १८²−१², म्हणजे १७×१९, झालं काम!

तर ८,३१,४०२ = २×३²×११×१३×१७×१९. प्रत्येक घातात १ मिळवून गुणाकार करा, २×३×२×२×२×२ = ९६ विभाजक. त्यांची बेरीज हवी असेल तर (१+२)(१+३+९)(१+११)(१+१३)(१+१७)(१+१९) = २३,५८,७२०, म्हणजे स्वतःला वगळलं तरी १५,२७,३१८, संख्येपेक्षा खूपच जास्त.

गंमत म्हणजे १९ खेळाडूंतून ९ जणांची टीम आणि त्यातलाच एक कॅप्टन निवडायचे प्रकार बरोब्बर ८,३१,४०२ होतात. ९२,३७८ टीम, गुणिले ९.

लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये फॅक्टर कमांड क्षणात उत्तर देते, ताळा करायला मस्त. पण सगळे अवयव असे छोटे नसतात, अवयव पाडण्याच्या आव्हानासाठी मुद्दाम बनवलेल्या आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचे दोन १२५ अंकी अवयव २०२० मध्ये सापडले तेव्हा कॉम्प्युटरची सुमारे २,७०० कोर-वर्षं (म्हणजे प्रोसेसरचा एकच कोर २,७०० वर्षं चालवावा इतकं काम) खर्ची पडली होती.