हरवलेला जपानी गेम शोधायचाय? आधी पत्ता शोधा

इंग्रजी नाव गूगलमध्ये टाकायचं, काही मिळालं नाही की हात टेकायचे, असंच बहुतेकांचं होतं. 'दोजिन' म्हणजे हौशी मंडळींनी स्वतः बनवून वाटलेले गेम, कॉमिक, गाणी. त्यातली ढीगभर कामं फुकटच्या होमपेजांवर होती. ३१ मार्च २०१९ ला याहू जपानने जिओसिटीज ही आपली फुकट होमपेजांची सेवा बंद केली आणि त्यातली कितीतरी एका फटक्यात दिसेनाशी झाली.

सुरुवात मूळ नावापासून करा, तेही जपानी लिपीत. एकच शब्द कांजी, हिरागाना किंवा काताकाना या तीन जपानी लिपींपैकी कशातही असू शकतो. तिन्ही करून बघा. 'सर्कल'चं, म्हणजे बनवणाऱ्या गटाचं नावही टिपून ठेवा.

मग होमपेजचा पत्ता. खरी किल्ली हीच, कारण वेबॅक मशीनला, म्हणजे जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटला, नुसतं नाव सांगून फारसं हाती लागत नाही. पत्ता सापडतो तो शेजाऱ्यांकडे! त्या काळी मित्रमंडळींची होमपेजं एकमेकांना जोडलेली असायची, बरेचदा २०० बाय ४० पिक्सेलची चिमुकली पट्टी लावून. पट्टीचं चित्र उडालं असलं तरी मागची लिंक बहुधा शाबूत असते.

पत्ता वेबॅकमध्ये टाकून शेवटी तारकाचिन्ह द्या. साठवलेल्या फायलींची यादी येते. ती 'झिप' आणि 'एलझेडएच' या शब्दांनी (रोमन अक्षरांत) गाळा. पान वाचलंय पण फाइल गेलीय, असं पुष्कळदा होतं. वेगवेगळ्या तारखांच्या प्रती उघडून बघा.

एलझेडएच हा जपानमध्ये फार चाललेला जुना गठ्ठा, म्हणजे झिपसारखी दाबून बांधलेली फाइल. सेव्हन-झिप या प्रोग्रामने तो सुटतो. आत नावांऐवजी अगम्य चिन्हं दिसली तर तो 'मोजिबाके'. युनिकोडपूर्वी फॉन्ट नसला की मराठी मजकुराचं जे व्हायचं, तेच. विंडोजमध्ये युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांची भाषा जपानी करा, संगणक पुन्हा सुरू करा आणि मगच गठ्ठा सोडवा. क्रम चुकला तर गेमला स्वतःचीच चित्रं सापडत नाहीत.

निर्मात्याने स्वतःहून काम मागे घेतलं असेल, तर मिळालेली फाइल पुन्हा कुठे चढवू नका.

काही कामं नेटवर कधी आलीच नाहीत. ती टोकियोच्या कॉमिकेटमध्ये, म्हणजे दोजिनच्या मोठ्या जत्रेत, सीडी-आरवर विकली गेली. त्यांच्यासाठी मांदाराके आणि सुरुगाया ही जुन्या मालाची दुकानं बघा. सुरुगायाच्या साइटवर माल संपला तरी पान बरेचदा राहतं. त्यावरचं सर्कलचं नाव उचला आणि पुन्हा शेजारी शोधायला लागा.