विनिपेगला येणाऱ्यांनो, आधी हे करा

मी सांगलीची. कॅनडात विनिपेगच्या युनिव्हर्सिटी ऑफ मॅनिटोबात शिकायला आले, तेव्हा बॅगेत आईने गोडा मसाला भरपूर भरला होता आणि अक्कल जरा कमी.

पहिली गोष्ट: पासपोर्टवरचा व्हिसा म्हणजे स्टडी परमिट, म्हणजे तिथे शिकण्याचा परवाना, नव्हे. परमिटचा कागद कॅनडात उतरल्यावर विमानतळावरच इमिग्रेशन अधिकाऱ्याकडून मिळतो. त्यासाठी मंजुरीचं पत्र, प्रवेशपत्र आणि पैशांचा पुरावा हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. कागद मिळाला की तिथेच उभं राहून नाव, मुदत आणि कॅम्पसबाहेर काम करण्याच्या परवानगीची ओळ वाचा. ती ओळ नसेल तर तेव्हाच विचारा. तिच्याशिवाय सिन (सोशल इन्शुरन्स नंबर, नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) मिळत नाही आणि सिनशिवाय नोकरी नाही. सिन फुकट मिळतो, त्यासाठी एजंटला छदामही देऊ नका. सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं.

जाड जॅकेट भारतातून आणू नका. उणे ३० मध्ये माझं पुण्याचं जॅकेट म्हणजे नुसती ओढणी! इथेच घ्या. कॅम्पसवर इमारती जोडणारी भुयारं आहेत, त्यांचे रस्ते सप्टेंबरमध्येच पाठ करा.

आणि प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायला त्यांनी ठेवलेल्या वेळेत, जा. मी दोन महिने गेले नाही. वाटायचं, सरांना कशाला त्रास? शेवटी गेले, तर ते एकटेच बसले होते. वीस मिनिटांत माझा असाइनमेंटचा गुंता सुटला. हाक मारताना ‘सर’ऐवजी ‘प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव. जीभ आठवडाभर अडखळते.