अंडं बुडतं, बर्फ शून्यावर येत नाही: सहावी ते आठवीच्या विज्ञानातल्या या चुका टाळा

मिठाच्या पाण्यात अंडं तरंगायला हवं, पण ते बुडतं. बर्फात ठेवलेला तापमापी शून्यावर यायला हवा, तो ३ अंशांवर अडतो. काळ्या दगडाची घनता (दर घनसेंमीचं वस्तुमान, ग्रॅममध्ये) २.९ यायला हवी, येते २.६. मग वहीत पुस्तकातलं उत्तर उतरवलं जातं आणि प्रयोग आटोपतो. असं करू नका. हा फरक बहुतेक वेळा एखाद्या छोट्याशा चुकीतून आलेला असतो, आणि ती शोधता येते.

अंडं बुडलं, कारण पाणी समुद्राचं होतं

जुहू किंवा दादर चौपाटीवरून बाटलीभर पाणी आणून केलेला हा प्रयोग हमखास फसतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याची घनता जेमतेम १.०२५ ग्रॅम प्रति घनसेंमी असते. ताज्या अंड्याची घनता त्याहून जास्त असते, म्हणून ते बुडतं. पावसाळ्यात नद्या-नाल्यांचं गोडं पाणी किनाऱ्यालगत मिसळतं, तेव्हा तर आशाच नको.

पाव लिटर नळाचं पाणी घ्या आणि ३५ ते ४० ग्रॅम मीठ काट्यावर मोजून टाका. मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, मगच अंडं सोडा. अंडं आधी सोडून वरून मीठ टाकलं तर खारट पाणी तळाशी साचतं आणि अंडं मध्येच लटकतं. ही चूक नव्हे, खाली जास्त आणि वर कमी घनतेचे दोन थर तयार झाल्याची ती खूण आहे. वहीत तसंच लिहा. अंडं आधी साध्या पाण्यात टाकून पाहायला विसरू नका. साध्या पाण्यातच तरंगलं तर ते शिळं आहे. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी उडून गेलेलं असतं आणि आतली हवेची पोकळी वाढलेली असते. घरात अंडं चालत नसेल तर लहान बटाटा घ्या, मीठ थोडं कमी-जास्त लागेल.

उत्तरात 'जड वस्तू बुडते' हे वाक्य मात्र कधीही लिहू नका. सोडणासकटचा नारळ किलोभराचा असला तरी लाटांवर तरंगतो आणि चार ग्रॅमही न भरणारं रुपयाचं नाणं तळ गाठतं. ठरवते ती घनता. भाऊच्या धक्क्यावरची लोखंडी बोट तरंगते, कारण तिच्या आकारमानात आतली हवाही धरावी लागते. हे दाखवायला फॉइलची होडी करतात आणि मग तीच चुरगळून पाण्यात टाकतात. बोळाही तरंगतो आणि मुलं गोंधळतात. घड्यांत हवा अडकलेली असते. बोळा बत्त्यानं चेचून अगदी चपटा करा, मग बुडेल.

दगडाची घनता कमी का येते

मुंबईच्या खडीत मिळणारा काळा दगड बेसॉल्ट असतो आणि त्याची घनता साधारण २.८ ते ३.० भरते. समजा कोरड्या दगडाचं वस्तुमान ५२ ग्रॅम आहे आणि मोजपात्रातलं पाणी ५० वरून ६८ मिलिलिटरवर गेलं. आकारमान १८, घनता २.८९. दुसरं वाचन चुकून ७० घेतलं की उत्तर थेट २.६ येतं. फक्त २ मिलिलिटरची चूक!

ही चूक बहुधा डोळ्याची असते. मोजपात्रात पाण्याचा पृष्ठभाग कडांना चढलेला, मध्ये खोलगट दिसतो. वाचन खोलगट भागाच्या तळाशी, डोळा त्याच पातळीवर आणून घ्यायचं. उभ्यानं वाकून पाहिलं तर आकडा जास्त दिसतो. दगडाला चिकटलेले बुडबुडेही आकारमान वाढवतात; दगडाला बांधलेला दोरा हलवून ते झटका. उलट दगड वरून टाकला आणि पाणी उडालं तर आकारमान कमी भरतं, म्हणून पात्र तिरकं धरून तो हळूच सोडा. वस्तुमान नेहमी आधी मोजा, ओल्या दगडाबरोबर पाणीही मोजलं जातं. छिद्राछिद्रांचा दगड मुळात घेऊच नका.

वजन की वस्तुमान

'माझं वजन ४० किलो' हे बोलण्यात चालतं, उत्तरपत्रिकेत नाही. ४० किलोग्रॅम हे वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी आपल्याला जेवढ्या बलानं ओढते ते, ४० × ९.८ = ३९२ न्यूटन. चंद्रावर ते सुमारे ६५ न्यूटन होईल, वस्तुमान मात्र ४० किलोच राहील. दोन पारड्यांचा तराजू वस्तुमानांची तुलना करतो, स्प्रिंगचा ताणकाटा बल मोजतो. एकक चुकलं की गुण जातो.

तापमापी बिघडलेला नसतो

फ्रिजमधले मोठे खडे पेल्यात टाकून मध्ये तापमापी खुपसला की खड्यांच्या फटीत ३० अंशांची हवा राहते. बर्फ कुटा, त्यात थोडं पाणी घाला, तापमापीचा पाऱ्याचा फुगा पेल्याच्या तळाला-कडांना लागू देऊ नका, तीन-चार मिनिटं ढवळत राहा. पारा शून्याच्या खाली गेला तर भांड्यात मीठ राहिलं होतं. ताप मोजायचा तापमापी या प्रयोगात कधीही वापरू नका. त्याची पट्टी साधारण ३५ ते ४२ अंशांची असते, गरम पाण्यात तो फुटतो. प्रयोगशाळेचा, ११० अंशांपर्यंतचा घ्या.

आता हेच भांडं मंद आचेवर ठेवून ढवळत राहा. आच चालू असूनही बर्फ संपेपर्यंत पारा हलत नाही. 'उष्णता दिली की तापमान वाढतं' हे अर्धवट पाठ केलेलं वाक्य इथे कोसळतं. ० अंशाच्या १०० ग्रॅम बर्फाचं ० अंशाचंच पाणी व्हायला सुमारे ३३,४०० ज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच १०० ग्रॅम पाणी शून्यावरून जवळजवळ ८० अंशांवर जाईल. ही सगळी उष्णता अवस्था बदलण्यात जाते. उकळतानाही तेच घडतं, गॅस मोठा केला तरी मुंबईत पाणी १०० अंशांवरच थांबतं, फक्त लवकर आटतं. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी असल्यानं ते ९५-९६ अंशांनाच उकळतं.

चहाच्या किटलीतून निघणारा पांढरा लोट म्हणजे वाफ नव्हे. तोटीलगतची रिकामी वाटणारी जागा खरी वाफेची. पुढे दिसतात ते वाफ थंड होऊन झालेले पाण्याचे थेंब. त्या रिकाम्या जागेत बोट नेऊ नका, चटका तिथेच बसतो.

थंड पेल्याबाहेरचं पाणी 'आतून पाझरलं' असं वाटत असेल तर पेल्यात कोकम सरबत भरा. बाहेरचे थेंब रंगहीन निघतात. मग बर्फ भरलेला, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा १ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवा. मुंबईच्या दमट हवेत थोड्याच वेळात आकडा चढू लागतो. मध्ये डबा पुसलात तर प्रयोग पुन्हा पहिल्यापासून.

लोकलचा झटका आणि कॅरमचा स्ट्रायकर

लोकल सुटताना माणसं मागे जातात. 'मागे ढकलणारं बल लागलं' हे उत्तर चूक. पाय डब्याबरोबर पुढे निघतात, वरचं शरीर जडत्वामुळे होतं तिथेच राहू पाहतं. मागे ढकलणारं कोणी नसतं.

गती टिकवायला बल लागतंच, हा समज सगळ्यात चिवट. तो कॅरमवर मोडता येतो. बोटातून सुटलेल्या स्ट्रायकरवर बोटाचं बल उरत नाही, तरी तो जातो. त्याला थांबवतं ते घर्षण. म्हणून तर पावडर टाकतात आणि पावसाळ्यात दमट झालेला बोर्ड जड चालतो. स्ट्रायकर सोंगटीवर आपटला की दोघांवरचं बल सारखंच असतं. १५ ग्रॅमच्या स्ट्रायकरपेक्षा साडेपाच ग्रॅमची सोंगटी जोरात पळते ती वस्तुमान कमी म्हणून, तिला जास्त बल मिळालं म्हणून नव्हे.

घर्षण मोजताना बोटानं मारू नका, दर वेळी जोर बदलतो. स्टुलाच्या पुढच्या दोन पायांना, जमिनीपासून अर्ध्या सेंटिमीटरवर, इलास्टिक बांधा. स्ट्रायकर टेकवून नेमकं ३ सेंटिमीटर मागे ओढा आणि सोडा. कोरडी लादी, पावडर टाकलेली लादी आणि चटई, प्रत्येकीवर पाच वेळा करून स्ट्रायकर किती लांब गेला त्याची सरासरी काढा. इलास्टिक उंच बांधलं तर ते स्ट्रायकरवरून निसटतं. पावडर चिमूटभरच हवी, जास्त झाली की ती पुढ्यात साचून स्ट्रायकरलाच अडवते.